स्कॉट्सडेलमध्ये भाड्याचं घर: जानेवारीत बघा, पण जुलैसाठी निवडा

आम्ही पहिलं घर बघायला गेलो तेव्हा फेब्रुवारी होता. मागच्या अंगणात संत्र्याचं झाड फुललं होतं. मी नागपूरची. आंबिया बहाराचा तो वास इतक्या दूर येऊन मिळाला आणि माझं मन तिथेच बसलं. दिवाणखान्याची पश्चिमेची भिंत पूर्ण काचेची होती, त्यातून उंटाच्या पाठीसारखा कॅमलबॅक डोंगर दिसत होता. संध्याकाळी आम्ही सही करून मोकळे झालो.

जुलैत त्याच काचेतून दुपारी तीनपासून सूर्य थेट घरात यायचा. एसी थांबायचं नाव घेत नव्हता आणि विजेचं बिल मार्चच्या जवळजवळ चौपट आलं. सोफ्याच्या त्या बाजूला मुलगी बसायलाच तयार नसायची.

नोकरीसाठी अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, फिनिक्सच्या परिसरात येणारी मराठी मंडळी वाढत आहेत आणि जवळजवळ प्रत्येक जण घर हिवाळ्यातल्या डोळ्यांनी बघतो. आमच्यासारखी घाई तुमची होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी शहराचा आकार समजून घ्या

स्कॉट्सडेल हे फिनिक्सच्या पूर्वेला लागून असलेलं वेगळं शहर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २ लाख ४१ हजारांच्या आसपास. नकाशावर ते उभं, चिंचोळं दिसतं: दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेपर्यंत सुमारे ३१ मैल. त्यामुळे ‘स्कॉट्सडेलमध्ये घर मिळालं’ एवढ्याने काहीच कळत नाही.

दक्षिण भागात, मॅकडॉवेल आणि थॉमस रस्त्यांच्या आसपास, जुनी बैठी घरं आणि तुलनेने कमी भाडी आहेत. शेजारच्या टेंपी शहरात रोज जायचं असेल तर हा भाग सोयीचा. ओल्ड टाउनमध्ये चालत फिरता येतं, पण शनिवार-रविवारी रात्री आवाज असतो. लहान मूल असेल तर मी तो भाग सुचवणार नाही. मधल्या पट्ट्यात मॅकॉर्मिक रँच, गेनी रँच. इथे तळी आहेत, झाडं आहेत. इंडियन बेंड वॉशची हिरवी पट्टी दक्षिणेकडून थेट इथवर येते. आई-बाबा राहायला आले की पहाटे फिरायला याहून चांगली जागा नाही. उत्तरेला ग्रेहॉक, डीसी रँच. एअरपार्क या विमानतळाभोवतीच्या व्यावसायिक भागातल्या कंपन्या जवळ, घरं नवी, भाडी चढी.

लाइट रेल फिनिक्स, टेंपी आणि मेसात धावते, स्कॉट्सडेलमध्ये येत नाही. शहराची ट्रॉली बस मोफत आहे आणि चालकाविना धावणाऱ्या वेमोच्या टॅक्सी मिळतात, पण गाडीशिवाय संसार चालणार नाही. भारतीय किराण्यासाठी बरेच जण चँडलर किंवा टेंपीकडे जातात. मॅरिकोपा गावातलं महागणपती मंदिर तासाभराच्या अंतरावर आहे.

२. तारीख ठरवताना हंगाम बघा

हे पर्यटकांचं शहर आहे, आणि इथला हंगाम म्हणजे हिवाळा. जानेवारीत बॅरेट-जॅक्सनचा जुन्या गाड्यांचा लिलाव, मग फिनिक्स ओपन ही गोल्फ स्पर्धा, त्यानंतर मार्चअखेरपर्यंत बेसबॉलचे सराव सामने. शिवाय बर्फाळ राज्यांतून आणि कॅनडातून येणारे लोक, ज्यांना इथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात, महिनोन्‌महिने मुक्काम करतात. सजवलेल्या, म्हणजे फर्निचरसह मिळणाऱ्या, घरांचं भाडं जानेवारी ते एप्रिल खूप चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं.

यातला सापळा असा. मे-जूनमध्ये एखादं सजवलेलं घर फार स्वस्तात दिसतं. मालक म्हणतो, ‘महिन्या-महिन्याचा करार करू.’ डिसेंबर आला की तो तुम्हाला घर सोडायला सांगतो, कारण जानेवारीपासून त्याला स्नोबर्डकडून कितीतरी जास्त भाडं मिळणार असतं. शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना तुम्ही पुन्हा घर शोधत फिरता, तेही सर्वांत महागड्या महिन्यांत. मुलं असतील तर पूर्ण बारा महिन्यांचाच करार करा, आणि तो मे ते ऑगस्टच्या दरम्यान संपेल असं बघा.

मोठ्या अपार्टमेंट संकुलांत उन्हाळ्यात ‘पहिले काही आठवडे भाडं माफ’ अशी सवलत असते. ती घ्या, पण कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी वाढ मूळ भाड्यावर होते, सवलतीनंतरच्या भाड्यावर नाही. दोन्ही आकडे आधीच विचारून ठेवा.

३. पत्त्यावर विसंबू नका

मला स्वतःला कोणी सांगायला हवं होतं ते हे. टपालाच्या पत्त्यात ‘स्कॉट्सडेल’ असलं म्हणजे घर स्कॉट्सडेल शहरात आहे असं नाही. ८५२५४ हा पिन कोड घ्या. पत्ता स्कॉट्सडेलचा, पण त्यातला बहुतेक भाग फिनिक्स शहराच्या हद्दीत. भाग उत्तम आहे, फक्त पाणी आणि पोलीस फिनिक्सचे, हे माहीत असावं.

उत्तरेकडचं रिओ व्हर्डे फूटहिल्स हे याहून गंभीर उदाहरण. तिथेही पत्त्यात स्कॉट्सडेल येतं, पण वस्ती शहराबाहेर आहे. अनेक घरांना नळाचं पाणी नव्हतं. टँकर स्कॉट्सडेलहून भरून यायचे. कोलोरॅडो नदीच्या टंचाईमुळे शहराने १ जानेवारी २०२३ पासून ते पाणी बंद केलं आणि लोकांना कागदी ताटल्यांत जेवायची वेळ आली. नंतर दुसरी व्यवस्था उभी राहिली. तरीही शहराच्या कडेला प्रशस्त घर कमी भाड्यात दिसलं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: पाणी कुठून येतं?

शाळांचंही तसंच. स्कॉट्सडेल युनिफाइड, पॅराडाइझ व्हॅली युनिफाइड आणि केव्ह क्रीक युनिफाइड अशा तीन शिक्षण जिल्ह्यांत शहर मुख्यतः वाटलेलं आहे. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर घराचा नेमका पत्ता टाकून शाळा बघा. दलालाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

४. कागदपत्रं एका फोल्डरमध्ये तयार ठेवा

चांगलं घर हंगामात दोन दिवसांत जातं. पुढची कागदपत्रं पीडीएफ करून फोनमध्ये असू द्या:

- पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद)
- एच-१बी असेल तर आय-७९७ मंजुरीपत्र
- ऑफर लेटर. पगार सुरू झाला असेल तर अलीकडच्या पगारपावत्या
- बँकेची दोन-तीन महिन्यांची स्टेटमेंट
- सोशल सिक्युरिटी क्रमांक, किंवा अर्ज केल्याची पावती
- आधीच्या घरमालकाचं पत्र, असल्यास
- गाडीची नोंदणी आणि विमा

भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्न हा निकष बहुतेक ठिकाणी लावतात. नवीन आलेल्यांची अडचण असते ती क्रेडिट हिस्टरीची. ती नसली की ‘सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या’ असं काही जण सांगतात. इथे कायदा लक्षात ठेवा: अॅरिझोनात डिपॉझिट, आगाऊ भाड्यासकट, दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. भाडं २,००० डॉलर असेल तर कमाल ३,००० डॉलर. तुम्ही स्वखुशीने जास्त भाडं आगाऊ भरू शकता, पण तो निर्णय तुमचा. त्याआधी कंपनीकडून पत्र देता येईल का, ते विचारून बघा. आमचं काम त्यावर झालं.

घर प्रत्यक्ष न बघता, किंवा मालकाची खात्री न करता, पैसे पाठवू नका. फसव्या जाहिरातींत फोटो खरे असतात, माणूस खोटा असतो. मॅरिकोपा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) असेसरच्या, म्हणजे मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर पत्ता टाकला की मालकाचं नाव फुकटात दिसतं. भाड्याने दिलेल्या घराची तिथे नोंदणी करणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. नाव जुळत नसेल तर विचारा. उत्तर टाळलं तर तिथून निघा.

५. घर बघायला दुपारी चारला जा

सकाळी दहाला प्रत्येक घर गार असतं. चारला गेलात तर भिंत बोलते. मी आता कुणासोबत घर बघायला गेले की पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघते.

पश्चिमेला मोठ्या खिडक्या असतील तर बाहेरून उन्हाची जाळी (सन स्क्रीन), छज्जा किंवा झाड आहे का बघा. पडदे आतून लावून फारसं भागत नाही. काच तापली की ती उष्णता घरात आलेलीच असते. वरच्या मजल्याचा कोपऱ्यातला फ्लॅट दिसायला छान, पण छत आणि दोन भिंती उन्हात. मधल्या मजल्यावरचा, उत्तर किंवा पूर्वेकडे तोंड असलेला फ्लॅट मी डोळे झाकून घेईन.

एसी किती जुना आहे, शेवटची सर्व्हिस कधी झाली, फिल्टर कोण बदलतं, हे विचारा. जुन्या घरांत छतावर बाष्पीभवनाचा कूलर असतो. आपल्या विदर्भातल्या वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरचाच हा भाऊ. मे-जूनच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, पण जुलैत मान्सूनचा दमटपणा आला की तुम्हाला माहीतच आहे काय होतं. केवळ कूलरवर असलेलं घर घेऊ नका.

‘आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाची सवय आहे’ असं आम्हीही म्हणायचो. फरक दोन गोष्टींत आहे. तिथे नवतपा सरतो आणि पाऊस येतो. इथे उन्हाळा सप्टेंबर गाठतो. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सियस, किंवा त्याहून वर होता. आणि रात्र गार होत नाही. ऐन उन्हाळ्यात कित्येकदा पहाटेही ३२ अंश सेल्सियस असतात. गच्चीवर पाणी शिंपडून झोपायची सोय नाही.

पार्किंगवर छप्पर हवंच. त्याचे वेगळे पैसे पडत असतील तरी द्या. उघड्यावर उभ्या गाडीचं सीट बेल्टचं बकल मुलांना भाजतं.

स्वयंपाकघरात एक्झॉस्टची हवा खरंच बाहेर जाते का, हे बघा. पुष्कळ ठिकाणी तो पंखा धूर गाळून पुन्हा घरातच सोडतो आणि मिरचीच्या फोडणीला स्मोक अलार्म वाजतो. विजेची शेगडी असेल तर सपाट बुडाची भांडी लागतील. आणि स्वतःचा पूल असलेलं घर घेत असाल, घरात सहा वर्षांखालचं मूल असेल, तर किमान पाच फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. अपवाद असले तरी इथला कायदाही तेच मागतो.

६. लीज वाचा, पानन्‌पान

चाळीस-पन्नास पानांचं असेल. तरी वाचा. मुख्य भाड्याशिवाय दरमहा काय काय लागतं याची यादी करा: पाणी, कचरा, कीटकनाशक फवारणी, पार्किंग, ‘तंत्रज्ञान पॅकेज’. परत न मिळणारी रक्कम असेल तर ती ‘परत न मिळणारी’ आहे असं लेखी लिहिलेलं असावं लागतं. नाहीतर ती परत मिळणारीच धरली जाते.

जुन्या माहितीत तुम्हाला भाड्यावर शहराचा कर लागतो असं वाचायला मिळेल. ३० दिवस किंवा जास्त काळच्या राहत्या घराच्या भाड्यावरचा तो कर १ जानेवारी २०२५ पासून अॅरिझोनात रद्द झाला आहे. बिलात अजून दिसत असेल तर विचारा.

सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, नियम वेगळे मागून घ्या. बाल्कनीत कपडे वाळत घालायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. आम्ही गुढी बाल्कनीच्या आतल्या बाजूला उभारतो आणि त्याआधी एक ओळीची ईमेल करून ठेवतो. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही, उलट शेजारच्या आजी दरवर्षी ती बघायला येतात.

भाडेकरू विमा बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो. लीजिंग ऑफिसने सुचवलेलाच घ्यायला हवा असं नाही. गाडीच्या विम्यासोबत घेतला तर बहुधा स्वस्त पडतो.

७. चावी मिळाली त्या दिवशी

सामान आत आणण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. घरमालकाने तुम्हाला सही झालेल्या लीजची प्रत आणि आधीपासूनच्या नुकसानीची नोंद करायचा फॉर्म द्यायलाच हवा. कार्पेटवरचा डाग, काचेवरचा ओरखडा, नळाच्या तोटीवरचा पांढरा थर, सगळं लिहा. आम्ही तो पांढरा थर क्षुल्लक म्हणून सोडला होता. घर सोडताना न्हाणीघराच्या काचा आणि दगडी ओट्यावरच्या क्षारांच्या डागांचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून कापले गेले.

८. वीज आणि पाणी

वीज एपीएस किंवा एसआरपी या दोन वीज कंपन्यांपैकी एकीची असते. कोणत्या कंपनीची, ते पत्त्यावर ठरतं; निवड तुमची नाही. निवड असते ती दरयोजनेची. वेळेनुसार दर असलेल्या योजनेत एपीएसकडे कामाच्या दिवशी दुपारी चार ते सात ही महागडी वेळ आहे. एसआरपीच्या वेळा योजनेनुसार बदलतात. आम्ही तीन ते चार घर जास्त गार करून घेतो, चारला थर्मोस्टॅट वर चढवतो, आणि कपडे-भांड्यांची यंत्रं सातनंतर लावतो. दिवसभर घरात लहान बाळ किंवा वृद्ध असतील तर मात्र साधी, एकाच दराची योजना घ्या. पैसे वाचवण्यासाठी त्यांना उकाड्यात ठेवू नका.

पाणी खूप जड आहे. पहिल्या आठवड्यात माझी तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाणा-दाणा राहिली. डाळ जुनी निघाली असं समजून मी दुसरी आणली, तीही तशीच. मग शेजारणीने फिल्टरचं पाणी घालायला सांगितलं आणि त्याच डाळीचं घट्ट वरण झालं. ओट्याखाली आरओ आहे का, नसेल तर बसवायची परवानगी आहे का, हे लीजच्या आधी विचारा. आणि जुलैत थंड पाण्याच्या नळातूनही कोमट पाणी येतं. बाळाला आंघोळ घालताना आधी हात लावून बघा.

९. पहिला उन्हाळा

आमच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी एसी बंद पडला. मी घराची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीला फोन केला. ‘सोमवारी माणूस पाठवतो.’ रात्री दहाला घरात ९१ अंश फॅरनहाइट होते आणि मुलगी फरशीवर ओला टॉवेल पसरून झोपली होती. माझी चूक अशी की मी फक्त फोन केला होता. शनिवारी सकाळी लेखी कळवलं: कधी बंद पडला, घरातलं तापमान किती, थर्मोस्टॅटचा फोटो, घरात मूल आहे. त्यात लिहिलं की थंड हवा ही कायद्याने आवश्यक सेवा आहे. दुपारी माणूस आला. एक कपॅसिटर बदलला, वीस मिनिटांचं काम.

अॅरिझोनाच्या कायद्यात एसी असलेल्या घरात मालकाच्या हलगर्जीपणामुळे तो चालत नसेल, तर वाजवी लेखी सूचना देऊन तुम्ही दुसरीकडे राहायला जाऊ शकता आणि तेवढ्या दिवसांचं भाडं द्यावं लागत नाही. उन्हाळ्यात इथली रिसॉर्टसुद्धा स्वस्त असतात. पावत्या जपून ठेवा. मात्र भाडं परस्पर थांबवू नका. भाडं थकलं तर पाच दिवसांची नोटीस देऊन मालक तुमच्याविरुद्ध कारवाई सुरू करू शकतो.

विंचवांबद्दल सगळे घाबरवतात. काळजी घेतली तर राहता येतं. हार्डवेअरच्या दुकानात अतिनील प्रकाशाची बॅटरी मिळते. अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. पहिल्या आठवड्यात रात्री भिंतींचे कोपरे, गॅरेज, बाहेरची फरशी बघून घ्या. दाराखाली फट असेल तर पट्टी लावून मागा. बूट झटकून घाला, बाळाचा पाळणा भिंतीपासून दूर ठेवा. चावलाच तर विष-नियंत्रण केंद्राचा देशभरातला क्रमांक १-८००-२२२-१२२२ आहे. लहान मूल असेल, श्वासाला त्रास होत असेल तर थेट ९११.

१५ जून ते ३० सप्टेंबर हा इथला मान्सून. धुळीची भिंत अंगावर आली तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, दिवे बंद करा, ब्रेकवरून पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागची गाडी तुमच्यामागे येते. कोरडे ओढे, ज्यांना इथे ‘वॉश’ म्हणतात, दहा मिनिटांत वाहू लागतात. अडथळा ओलांडून गाडी घातली आणि अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होतो.

एक गोष्ट सुखाची. अॅरिझोनात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे भारताशी फरक वर्षभर साडेबारा तासांचाच राहतो. सकाळी आठला फोन लावा, घरी रात्रीचे साडेआठ. आईला हिशोब कधीच बदलून सांगावा लागत नाही.

१०. घर सोडताना

नोटीस किती दिवस आधी द्यायची ते लीजमध्ये बघा. बऱ्याच लीजमध्ये ती ६० दिवसांची असते आणि तारीख चुकली तर करार चढ्या दराने महिन्या-महिन्याचा होतो. शेवटच्या पाहणीला हजर राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. तसं लेखी मागा. चावी देताना नवा पत्ता आणि डिपॉझिट परत करण्याची मागणी एकाच पत्रात द्या, कारण मुदत मागणी केल्यावरच सुरू होते: शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून १४ दिवस. कापलेल्या प्रत्येक रकमेचा तपशील मिळायला हवा. तो पटला नाही तर ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या.

क्षारांच्या डागांबद्दल आम्ही तशी हरकत घेतली. फॉर्मवर नोंद नव्हती, पण पहिल्या दिवशी मुलीचा नव्या घरातला फोटो काढला होता, आणि तिच्या मागे न्हाणीघराची काच दिसत होती, पांढऱ्या थरासकट. काचेचे पैसे परत मिळाले. ओट्याचे नाही.